तिनं 'होय' म्हटलं नाही

ये, अशी जवळ बस पोरी. ठेव तो मोबाईल. मघाशी काय म्हणे तू? "आजी, सगळ्याच हो म्हणाल्या, म्हणून मीबी म्हटलं." असं असते का वो? अन् तुले रागावणारी मी तरी कोण? सत्तरी उलटल्यावर मी तेच करून बसली.

मागच्या पावसाळ्यात आम्ही आठ बाया दारव्ह्याकडच्या एका वावरात निंदाले जात होतो. पऱ्हाटी म्हणजे कपाशी, अन् मधात तुरीचे तास. तास म्हणजे पिकाची ओळ. एकेकीनं एक तास धरायचा. कोणी मागं राह्यली तर शेजारणीनं तिच्या तासातलं गवत काढत जायचं. धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, सगळ्या संगच पोचायच्या, मगच डबे उघडायचे.

माह्या डोळ्यात मोतीबिंदू उतरून राह्यला होता. कोणाले सांगतलं नाही. सांगतलं असतं तर घरी बसा लागलं असतं, अन् घरी भिंतींशी काय बोलू? त्या दिवशी गोष्टीच्या नादात मी गवतासंग तुरीची कवळी रोपं उपटत गेली, पार धुऱ्यापर्यंत.

मालक आले. "हे कोणं केलं?"

आमच्या टोळीची मोठी बाई चटकन बोलली, "ह्या नव्या पोरीनं. तिले कुठं समजते?"

पोरगी नवऱ्यानं टाकलेली, महागावकडून माहेरी आलेली. आमच्यात येऊन आठच दिवस झाले होते. तिनं मान खाली घातली. मालकानं एकेकीले विचारलं. एक म्हणे होय, दुसरी म्हणे होय. मले वाचवाले वो, मायेनं. माही पाळी आली. मीबी होय म्हटलं.

माह्या शेजारचा तास धरणारी बाई वीस वर्षांपासूनची संगतीण, दिवसभरात चार शब्द बोलणार नाही. तिनं खुरपं खाली ठेवलं. "नाही. पोरीनं नाही उपटली."

"मग कोणं?"

"ज्याचं त्यानं सांगावं."

मालकानं पोरीले येऊ नको म्हटलं. अन् दुसऱ्या दिवसापासून त्या बाईच्या तासाले कोणाचा हात लागला नाही. आम्ही धुऱ्यावर जेवत बसायचो, ती उन्हात एकटी वाकलेली. "खाऊ दे तिले तिचं खरं," एक जण म्हणे. बाकीच्या हसल्या. मी घास गिळला.

पण नजर तिच्यावरच. ना रुसवा, ना कण्हणं. तासात गवताची काडी नाही. एवढीशी बाई, माह्या खांद्याले लागत नाही, अन् सहा जणींच्या होयसमोर अशी उभी राह्यली, जसा काही मागं आखा गाव आहे! देवळातबी मले एवढं भरून आलं नव्हतं.

चौथ्या दिवशी मी डबा उघडलाच नाही. उठली, मालकाले सांगतलं, "तूर मी उपटली. मले दिसत नाही." ते वाकून माह्या डोळ्यांत पाहू लागले. मग म्हणे, "आधी काहून नाही सांगतलं, माय?" पोरीले बोलावणं गेलं.

मी त्या बाईच्या तासाच्या दुसऱ्या टोकाले बसली, निंदत तिच्याकडं सरकत गेली. धुऱ्यावरून मोठी बाई ओरडली, "बुढे, तुह्यासाठी खोटं बोललो आम्ही, अन् तूच तिकडं?" तिचंबी काय चुकलं?

समोर पोचली तं संगतीण हळूच म्हणते, "सांभाळून. ती तूर आहे."

डोळ्याचं ऑपरेशन झालं, पण औंदा टोळीनं मले बोलावलं नाही. संध्याकाळी संगतीण अन् ती पोरगी, दोघी येतात, एक बोलत नाही अन् दुसरी लाजते. मीच बडबडते. आता तू तुह्या घरी जाशील तर जा, पण परत याले दिवाळीची वाट नको पाहू. येत्या बाजाराच्या दिवशी जीपमधी बस अन् ये.