पाकीट उघडण्याआधी

लॅबमध्ये रिपोर्टची वाट बघत बसले की माझी एक सवय आहे. खिडकीतून ज्याचं नाव पुकारतील त्याच्यासाठी मनात म्हणायचं, ‘सगळं चांगलं येऊ दे.’ त्याला ओळख लागत नाही, ओठही हलवावे लागत नाहीत.

आज मात्र एक आडदांड माणूस मला कोपराने ढकलून सगळ्यांच्या पुढे घुसला. त्याच्या वेळी मी मुद्दाम काहीच म्हटलं नाही. पुकारलेलं नावही रागात नीट ऐकलं नाही. फुकट द्यायची गोष्ट, तीसुद्धा मी माणूस बघून देत होते.

पाकीट घेऊन तो बाहेर पायरीवर बसला. ते न फोडता नुसतं उलटसुलट करत राहिला. मी बाहेर आले तशी त्याने ते माझ्यापुढे धरलं.

“ताई, मला इंग्रजी येत नाही. वाचून सांगता का?”

पाकिटावर बाईचं नाव होतं.

“बायको,” तो म्हणाला. “घरी आहे. फोनची वाट बघतेय.”

तो माझ्या चेहऱ्याकडे बघत होता. मी तिचं नाव मनात घेतलं, राहिलेलं ते वाक्य म्हटलं, भीतीने पुन्हा एकदा म्हटलं, आणि मग पाकीट फाडलं.