सान रोकोचं वजन

आठ जणांनी सान रोकोची मूर्ती खांद्यावर घेतली, चर्चच्या पार्किंग लॉटमध्ये एक फेरी मारली आणि खाली ठेवली. मी शाबासकीची वाट बघत उभा. आठांतला सर्वांत म्हातारा व्हीटो माझ्याकडे वळून म्हणाला, "बाकीचा कुठंय?"

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी अमेरिकेत पार्सिपनीजवळच्या एका फर्ममध्ये स्ट्रक्चरल इंजिनिअर होतो. शेजारच्या गावातल्या इटालियन कॅथलिक चर्चचे फादर डॉमिनिक आमचे क्लायंट. दर उन्हाळ्यात ते लोक आपल्या संताला खांद्यावरून गावभर मिरवतात. मूर्तीखालची लाकडी चौकट तडकली होती. इन्शुरन्सवाले म्हणाले, इंजिनिअरची सही असेल तरच खांद्यावर न्या, नाहीतर पिकअप ट्रकमधून. मिरवणूक रविवारवर आली होती.

स्ट्रक्चरच्या स्वतःच्या वजनाला आम्ही डेड लोड म्हणतो. फुकटचं ओझं. ते जितकं कमी, तितका इंजिनिअर हुशार. मी हुशार होतोच. निदान तोवर कोणी वेगळं सांगितलं नव्हतं. जाडजूड ओकची चौकट काढून मी अ‍ॅल्युमिनियमची करून घेतली. वजन निम्म्यावर आलं.

"बाकीचा म्हणजे?" मी विचारलं.

"अर्धा संत कुठे ठेवलास?"

"मिस्टर व्हीटो, तुमच्या वयाला हेच बरं. खांदे दुखणार नाहीत."

हे मी फार प्रेमाने म्हणालो. आठही जणांनी असं बघितलं, की मी कॅल्क्युलेशनची फाइल छातीशी धरली.

"यापेक्षा ट्रक बरा," म्हणून व्हीटो निघून गेला.

फादरनी मला किचनमध्ये नेऊन कॉफी दिली. मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं, ते त्यांनी न विचारता सांगितलं. सान रोको प्लेगच्या रोग्यांची सेवा करत हिंडला आणि शेवटी त्यालाच प्लेग झाला. तो रानात जाऊन पडला. तिथे एक कुत्रा त्याला रोज पाव आणून देई. म्हणून मूर्तीच्या मांडीवर जखम आणि पायाशी कुत्रा. या गावात आलेले पहिले इटालियन म्हणजे दगडाच्या खाणीतले मजूर. चर्च नव्हतं, प्रार्थना शेडमध्ये व्हायची. साथ आली, घराघरातून माणसं जाऊ लागली. उरलेल्यांनी नवस केला: साथ थांबव, दर वर्षी तुला खांद्यावरून गावभर नेऊ. साथ थांबली. चर्च त्यानंतर बांधलं.

"व्हीटोचे वडील त्यांच्यातले. पुढचा डावा कोपरा त्यांचा, आता व्हीटोचा," फादर म्हणाले. "खांदा दुखायलाच हवा. तोच तर नवस आहे."

नवस म्हणजे काय, हे कोकणातल्या माणसाला अमेरिकन पाद्र्याने समजावून सांगितलं. मला लाज वाटली.

ऑफिसात बॉसला सांगितलं. तो म्हणाला, "क्लायंटला स्ट्रक्चर जड करून हवंय? बिलात लिहू काय?"

"इम्प्रूव्हमेंट," मी म्हणालो.

गावची खाण कधीच बंद पडली होती, पण दगड होते. ते चौकटीत बोल्टने पक्के बसवले, जुनं वजन भरेपर्यंत. डेड लोड वाढवायचं डिझाइन मी आयुष्यात तेवढं एकच केलं. हिशेब पुन्हा तपासून सही ठोकली. व्हीटोने आपला कोपरा उचलून पाहिला आणि नुसतं "हं" केलं.

रविवारी फादर म्हणाले, "सही तुझी, तर एक खांदाही तुझा." मला व्हीटोच्या मागे घुसवलं. माझी उंची बेताची. दांडा माझ्या खांद्याच्या चांगला चार बोटं वरून चाललेला. लोक टाळ्या वाजवत होते आणि मी भार सोसल्याचा चेहरा करून नुसता खालून चालत होतो. व्हीटोच्या ते लक्षात आलं. पहिल्या थांब्यावर त्याने स्वतःच्या खांद्यावरचा टॉवेल काढला, घड्या घालून माझ्या खांद्यावर ठेवला आणि म्हणाला, "आता."

दांडा टेकला. कागदावर इतक्यांदा मांडलेलं वजन पहिल्यांदा अंगावर आलं. समोर व्हीटोचा खांदा, आता टॉवेलशिवाय. मला रडू आलं.

घरी बायको बाम चोळत म्हणाली, "शिमग्याला पालखी दारात आली की तुमची नेमकी पाठ धरायची. आणि इथे हो?"

"इथे सर्टिफिकेट माझं होतं."

"असू दे. हात वर करा."

तेव्हापासून कुठलंही वजन कमी करण्याआधी मी ते उचलणाऱ्याला विचारतो. आणि पुढच्या वर्षीपासून टॉवेल घरूनच नेऊ लागलो.