बाबांच्या लाल चिठ्ठ्या

माझे बाबा, दत्तात्रय खांबेटे, जर्मनीत गेर्लिंगेनजवळच्या एका कारखान्यात सुट्या भागांची तपासणी करतात. सदोष भागाला लाल चिठ्ठी लावायची, हे त्यांचं काम. ते काम त्यांनी घरी आणलं. आईचं जर्मन वाक्य चुकलं की फ्रिजवर लाल चिठ्ठी लागायची. नुसता प्रत्यय चुकला तरी चिठ्ठी. मला त्या चिठ्ठ्यांची चीड होती, अजून आहे.

आई एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम करायची. सोबत नेरमिन नावाची तुर्की बाई आणि एक पोलिश बाई. तिघींचं जर्मन मोडकंतोडकं, पण ऐंशी माणसांचं जेवण वेळेवर जायचं आणि गप्पा संपायच्या नाहीत. मग बाबांच्या साहेबांची आई तिथे राहायला आली. "माझी शोभा करू नकोस," म्हणत बाबांनी आईला काम सोडायला लावलं. तिने जर्मनही सोडलं. सात वर्षं ती दुकानात नुसतं बोट दाखवायची आणि बाबा चारचौघांत सांगायचे, "हिला भाषेत गतीच नाही." आता काय बोलायचं या माणसाशी!

मी पीएच.डी.चा विषय निवडला तो याच रागातून. इंग्रजीलाही एके काळी जर्मनसारखे भरपूर प्रत्यय होते. ते गळाले कसे? २०१६ साली बर्लिनच्या विद्यापीठात माझी जाहीर तोंडी परीक्षा ठरली. त्याच आठवड्यात नेरमिनचा आईला फोन आला. वृद्धाश्रमात जागा रिकामी झाली होती, सोमवारपासून यायचं होतं. आईचा चेहरा फुलला. बाबा म्हणाले, "विषय बंद."

परीक्षेला दोघं पहिल्या रांगेत बसले. मी जर्मनमध्ये सांगितलं, इंग्रजीत जोर शब्दाच्या सुरुवातीवर पडायचा, त्यामुळे शेवटचे स्वर आधीच पुसट होत होते. त्यात समुद्रापलीकडून उत्तरेचे लोक येऊन वसले. दोन्ही भाषांचे मूळ शब्द बरेचसे सारखे, प्रत्यय मात्र वेगळे. गुरं विकायची, सोयरिकी जुळवायच्या, तिथे प्रत्ययांसाठी कोण अडून बसणार? प्रत्ययांचं काम हळूहळू शब्दांच्या क्रमानं उचललं. पुढे दरबारात फ्रेंच आली आणि इंग्रजीवर डोळे वटारणारं फारसं कोणी उरलं नाही. "त्यांच्या स्वयंपाकघरांत लाल चिठ्ठ्या नव्हत्या," मी म्हणाले. आईने मान वर केली.

प्रश्नांच्या वेळी पहिला हात बाबांचा. "सातव्या स्लाइडवर एक प्रत्यय चुकलाय." बस्स, एवढंच. माझ्या पाच वर्षांच्या कामालाही चिठ्ठी लागली.

परीक्षेत पास झाल्यावर इथल्या रिवाजाप्रमाणे बाहेर खाणं मांडलं होतं. आईचे बटाटेवडे खाता खाता माझ्या प्राध्यापक बाईंनी तिला विचारलं, "तुम्ही काय करता?"

"हिला जर्मन येत नाही," बाबांनी परस्पर उत्तर दिलं.

आईने हातातलं ताट टेबलावर ठेवलं. "येतं," ती जर्मनमध्ये म्हणाली. "मी स्वयंपाक. ऐंशी माणसं. सोमवारी परत काम."

"अरे वा! कुठे?" बाईंनी विचारलं. आईने पत्ता सांगितला.

बाबा मराठीत पुटपुटले, "कुंदा, तीन चुका केल्यास."

"अहो, पण समजलं ना तुम्हाला?" आई म्हणाली. "मग सोमवारपासून आपला डबा आपण करून घ्या."