एका तळटीपेपुरता माणूस

आमच्या लॉ कॉलेजच्या चर्चासत्राची एक रीत आहे. ज्याचा कच्चा लेख असेल त्यानं पहिला तास गप्प बसायचं, बाकीच्यांनी बोलायचं. काल नीलिमाचा लेख होता, खटला न चालवता डांबलेल्यांच्या हक्कांवर. त्यात अशाच एका कैद्यानं सुटकेसाठी कोर्टात केलेल्या अर्जाचा दाखला होता. कुणीतरी विचारलं, "या अर्जदाराचं पुढे काय झालं?" नीलिमा नुसतीच पेनचं टोपण काढत-घालत राहिली. आम्ही कलमांवर बोलत राहिलो.

तास संपल्यावर ती म्हणाली, "सुनावणीच्या आधीच तुरुंगात वारला तो."

त्याच्याबद्दलही सगळे असेच बोलत राहिले असतील, आणि तो आपली पाळी येईल म्हणून गप्प बसला असेल. नीलिमाला निदान तासाभरानं बोलायला मिळालं.

सर म्हणाले, "हे तळटीपेत घे."

सूचना योग्यच होती. मीही मान डोलावली.