सांध्यावरचा हिरवा रंग

माझे सासरे लाकडाच्या वखारीत इंजिनवाले आहेत. तिथली मोठी करवत एका जुन्या डिझेल इंजिनावर चालते. ते चालू करायचं, बंद करायचं आणि मधल्या वेळात त्याच्याकडे कौतुकाने बघत बसायचं, हे त्यांचं काम. त्या इंजिनाचे जेवढे लाड झाले, त्याच्या निम्मे पोटच्या पोराचे झाले असते, तर मला दोन महिने निरोप्याचं काम करावं लागलं नसतं.

झालं असं. इंजिनाचा डिझेल पंप झिजला होता. माझा नवरा पंपदुरुस्तीच्या दुकानात कामाला. त्याने नवा पंप आणून सुट्टीच्या दिवशी स्वतः बसवला. आठवडाभरात इंजिनाला खूळ लागलं. एका लयीत चालायचं सोडून आपोआप जोरात पळायचं, मग दमायचं, पुन्हा पळायचं. करवत हिसके घ्यायची, फळ्या वेड्यावाकड्या निघायच्या. सासरे घरी येऊन म्हणाले, "पंप बसवता येत नाही आणि म्हणे कारागीर." नवरा ताटावरून उठला. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

घर दोन खोल्यांचं. "सूनबाई, त्याला सांग, मोरीतली बादली भरलीय." तो हातभर अंतरावर. "बाबांना सांग, कळलं." मी मध्ये उभी आणि माझं ताट गार. दोघांचाही मला सारखाच राग यायचा.

इकडे सासरे इंजिनाच्या मागे हात धुऊन लागले होते. फिल्टर बदलला, पाइपातली हवा काढली, वेग सांभाळणाऱ्या गव्हर्नरचं झाकण दोनदा उघडून स्प्रिंगही नवी घातली. फरक शून्य. प्रत्येक वेळी खापर पंपावरच फुटायचं.

परवा मी डबा घेऊन गेले, तर इंजिन बंद होतं आणि ते गव्हर्नरपासून पंपापर्यंत जाणारी दांडी न्याहाळत होते. वेग वाढला की गव्हर्नर हीच दांडी ओढून डिझेल कमी करतो, वेग उतरला की सोडतो. त्यांनी दांडीच्या एका टोकाची पिन काढली, टोक उचललं आणि सोडलं.

"आपल्या वजनाने खाली यायला हवी," ते म्हणाले.

दांडी अधांतरी राहिली. बोटाने ढकलली तेव्हा झटक्यात खाली आली. म्हणजे गव्हर्नर आपलं काम करत होता, पण दांडी आधी अडायची आणि मग एकदम सुटायची. त्यांनी दुसऱ्या टोकाचा सांधा नखाने खरवडला. नखात हिरवा रंग आला.

इंजिनाला दरवर्षी हिरवा रंग ते स्वतःच्या हाताने देतात. यंदा नवा पंप बसल्याच्या खुशीत दुसऱ्याच दिवशी दिला होता. त्या रंगाचे डाग पडलेला सदरा मीच घासला होता.

"सदरा आठवतोय मला," मी म्हणाले.

रॉकेल आणि ब्लेड घेऊन त्यांनी सांधा साफ केला, तेलाचा थेंब सोडला, पिन घातली. इंजिन चालू झालं आणि एका सुरात चालत राहिलं. करवतीवरच्या माणसाने लांबूनच हात वर केला. सासऱ्यांचा चेहरा मात्र उतरलेला. डबा तसाच परत आला.

संध्याकाळी तिघं जेवायला बसलो. दोन घास झाले नाहीत तोच सासरे म्हणाले, "सूनबाई, त्याला सांग..."

"मी नाही सांगणार," मी म्हणाले. "बादलीचं सांगितलं, किल्लीचं सांगितलं. हे तुमचं तुम्ही सांगा."

ते ताटात बघत राहिले. मला धास्तीच वाटली, आता हेही उठतात.

"पंप चांगला बसवला होतास," ते म्हणाले. "रंग मी दिला. सांध्यावर."

नवऱ्याचा घास हातातच राहिला. आता हा दोन महिन्यांचं सगळं काढणार, असं मला वाटलं. तसा त्याला हक्कही होता.

"दांडीच्या सांध्यावर?" त्याने विचारलं.

"हो."

"किती हात?"

"दोन."

नवऱ्याने हातातला घास संपवला. मग म्हणाला, "पुढच्या वर्षी रंग द्यायला मी येतो, बाबा."

"ये. सांधे मी झाकून ठेवीन," सासरे म्हणाले, आणि त्यांनी त्याच्याकडे पाणी मागितलं. मी जागची हलले नाही. कितीतरी दिवसांनी माझं ताट गरम होतं.