डाग काढलेला कॉम्प्युटर

खराडे सर बँकेत गेले की स्वतःचं काम सोडून आधी साहेबांच्या टेबलामागं वाकायचे. "पावणं, ह्यो कॉम्प्युटर कवाचा हाय?" साहेब दचकायचे. कॉम्प्युटर नवा निघाला की सरांचा रस तिथंच संपायचा. सर गेल्यापासून आमच्या बँकेत कुणी असं वाकून बघत नाही, आणि मला तिथं करमत नाही.

राजारामपुरीत त्यांचा कॉम्प्युटरचा क्लास होता. मी तिथंच शिकलो, पुढं त्यांचा शेजारीही झालो. सरांचा आवाज असा खणखणीत, की कुणाचं काय चुकलंय ते गल्लीच्या तोंडाला कळायचं. खरं शिकवायच्या त्या त्यांच्या बायको, आमच्या काकूच. दर खंडेनवमीला त्या सगळ्या मशिनांना झेंडू वाहायच्या. क्लासच्या पहिल्या कॉम्प्युटरला मात्र त्या पडद्याच्या वरच्या कडेला ओल्या कुंकवाचं बोट लावायच्या आणि कुणाला पुसू द्यायच्या नाहीत. वर्षानुवर्षांचं ते कुंकू प्लॅस्टिकमध्ये मुरून तांबडा डागच पडला होता.

क्लास बंद झाला तेव्हा सरांनी सगळं वजनावर भंगारात काढलं. "त्यो एक तेवढा ठेवा की," काकू म्हणाल्या. "भंगाराची काय पूजा करायची हाय व्हय?" म्हणत सरांनी तोही टेम्पोत चढवला. पुढं काकू वारल्या, आणि सर त्या कॉम्प्युटरच्या शोधात भंगारवाल्यांचे उंबरे झिजवू लागले.

सुरुवातीला भंगारवाले त्यांना चहा पाजून जुने डबे पुढ्यात मांडायचे. मग जुने कॉम्प्युटर जमवणारे पुण्या-बेंगळुरूचे हौशी लोक फोटो मागवू लागले आणि भंगारवाल्यांची भाषा बदलली. "सर, आधी नेटवर भाव बघा, मग बोला." सर भडकायचे. "आमच्या वयाच्या माणसाला कुत्रं इचारत न्हाय, आन् ह्या डबड्यांचा तोरा बघा!" "आता घावला तरी मला झेपायचा न्हाय," असं एकदा घरी आल्यावर मात्र म्हणाले. तेवढा बारीक आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

आणि तो घावला. कागलच्या एका हौशी इंजिनिअरनं विकायला काढला होता. फोटो अंधुक होता, पण कोपऱ्याचा उडालेला टवका सरांनी ओळखला. क्लासात आणताना त्यांच्याच हातून तो दाराला आपटला होता. मागितलेल्या पैशात बरी जुनी मोटारसायकल आली असती. सरांनी ठेव मोडली आणि इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या गाडीत बसले.

कॉम्प्युटर दुधासारखा पांढरा झाला होता. "काका, वर तांबडा डाग होता, पार मुरलेला," इंजिनिअर कौतुकानं सांगू लागला. "रसायन लावून उन्हात ठेवला, तेव्हा गेला. म्हणून तर एवढा भाव आलाय."

सरांनी त्या कडेवरून बोट फिरवलं. पुन्हा एकदा फिरवलं. "झ्याक काम केलंय," म्हणाले, आणि चपला घालायला बाहेर गेले.

गाडीत मी विचारलं, "सर, तोच होता ना?"

"त्योच की."

"मग घेतला का नाही? थोडं कमी केलं असतं त्यानं."

सरांनी काच वर केली. मग म्हणाले, "लेका, डागासकट असता तर दुप्पट दिलं असतं मी."