शेवटच्या घरचं आवतन

आमच्या गावात लग्नाची पत्रिका आता मोबाईलवर जाते, पण ती पाहून पंगतीला कोणी येत नाही. लग्नाच्या दिवशी सकाळी घरच्या माणसानं दारोदार जाऊन आवतन द्यावं लागतं, "आज चूलबंद आहे जी." म्हणजे तुमच्याकडे चूल पेटवायची नाही, लहानथोर सगळ्यांनी आमच्याकडे जेवायचं. ताईच्या लग्नात हे काम आईनं माझ्या गळ्यात घातलं. मी कॉलेजात शिकत होते, आणि दुकानात साबण मागायचा तरी मला घाम फुटायचा.

"मी नाही जात," मी म्हटलं.

"तुले कोणी खाऊन राहिलं का? जाय," आई म्हणाली.

पहिल्या घरी मी "चूलबंद" एवढंच पुटपुटले. दुसऱ्या घरी मी उंबऱ्याकडे पाहून बोलले. तिसऱ्या घरच्यांनी मलाच विचारलं, लग्न कोणाचं आहे म्हणून. असं करत शेवटच्या घरी, मावशीकडे पोचले. नात्यानं ती आमची कोणी नव्हे. पण आई धानाच्या रोवणीला जायची तेव्हा ताईला हिनंच सांभाळलं, हिच्याच मांडीवर ताई भात खायला शिकली. महिनाभर लेकीकडे राहून मावशी नुकतीच परतली होती. दार लोटलेलं होतं. हाक मारायची, एवढंच. मी अंगणात उभी राहिले, तोंड उघडलं, पण आवाज निघेना. मग काय, आल्या पावली परत. आईला म्हटलं, सगळ्यांना सांगून आले. धडधडीत खोटं.

दुपारी लग्न लागलं, पंगती बसल्या. ताईचे डोळे मावशीला शोधत होते. "मावशी काऊन नाही आली वं?" तिनं मला दोनदा विचारलं. आवतनाशिवाय मावशी येणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. स्वतःची इतकी चीड आली, की नव्या साडीत, भर उन्हात तशीच निघाले.

या वेळी अंगणातूनच ओरडले, "मावशी, चूलबंद आहे, चला." आवाज नको तितका मोठा निघाला.

मावशी आत तोंडाला पदर लावून बसली होती. चूल थंडगार. मी रडत रडत सकाळचं सगळं कबूल केलं.

"माहीत आहे मले," ती म्हणाली. "तू आलतीस तवा मी दाराआडून पाहून राहिली होती. म्हटलं, हिनं हाक नाही मारली त बरं होईल."

"काऊन?"

तिनं पदर बाजूला केला. पुढचे दात नव्हते. "लेकीकडे काढले. आता चार माणसांत कशी जेवू? लोक पाहत राहतील."

मला हसूही आलं आणि भडभडूनही आलं. एका दाराच्या दोन बाजूंना आम्ही दोघी सारख्याच भ्यालो होतो, आणि इतकी वर्षं मला वाटायचं, गावात भित्री मी एकटीच. तिचा हात धरून मी तिला घेऊन आले.

शेवटच्या पंगतीत तिला कोपऱ्यात बसवलं. मी शेजारी बसून तिचा भात वरणात कालवून मऊ केला. चार घास ती पदराआड जेवली, मग भात कोरडा पडला आणि वाढपी मांडवाच्या पार त्या टोकाला. पंगतीत मी आजवर कधी काही मागितलं नव्हतं, पानात पडेल तेवढं खाऊन अर्धपोटी उठायचे. पण मावशी उपाशी उठलेली मला चालणार नव्हती. उभी राहिले आणि अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हटलं, "इकडे गरम वरण आणा, आमची मावशी जेवून राहिली आहे."

सगळ्या माना आमच्याकडे वळल्या. मावशीनं माझी साडी ओढली. "बस न वं खाली," ती म्हणाली, आणि सगळ्यांदेखत, पदर न लावता, बिनदातांचं हसली.